विजेच्या मोटारींतील ऊब

विदर्भ म्हटला कीं डोळ्यांपुढें उभा राहतो तो तेथील उन्हाळा. हिंगणघाटच्या गृहस्थाला मोटारींत गार वारा कसा मिळेल याची विवंचना वर्षांतील बहुतेक महिने असते. ऊब हा विषय त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. परंतु तिकडील हिंवाळाहि लेचापेचा नसतो. २९ डिसेंबर २०१८ रोजीं नागपुरास पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा एखाद्या पहाटे वणा नदीकांठच्या या गांवाहून एखादें कुटुंब विजेच्या मोटारींतून नागपूरच्या वाटेला लागावें, आणि हीटरची कळ फिरवूनहि कोमट वाराच अंगावर यावा, म्हणजे प्रश्न केवळ सुखाचा राहत नाहीं. समोरच्या कांचेवर आंतून बाष्प धरतें, रस्ता दिसेनासा होतो, आणि राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वरील मालमोटारींच्या वर्दळींत तें जिवावर बेतूं शकतें.

पेट्रोलच्या मोटारींत ही अडचण फारशी जाणवत नाहीं. तिच्या एंजिनांत जळणाऱ्या इंधनाच्या शक्तीचा सुमारें दोन-तृतीयांश भाग उष्णता होऊन वायांच जातो. त्यांतील थोडी उष्णता आंत वळविली कीं ऊब फुकट मिळते. विजेची मोटार त्या मानानें फार काटकसरी. तिचें यंत्र मिळालेल्या विजेपैकीं शेंकडा ९० च्या आसपास वीज गतीच्या कामीं लावतें. उधळपट्टी नाहीं, म्हणून उरलेली ऊबहि नाहीं. ती मुद्दाम निर्माण करावी लागते.

तिचे मार्ग दोन. पहिला विजेच्या शेगडीचा. मोटारींतील शेगडी एका खास चिनी मातीसारख्या द्रव्याची असते. तें तापलें कीं विजेला अधिक विरोध करूं लागतें, आणि त्यामुळें शेगडी स्वतःच स्वतःला आवर घालते. कांहीं गाड्यांत ती थेट हवेला तापविते, तर कांहींत आधीं पाण्यासारख्या द्रवाला. दुसरा मार्ग उष्णता-पंपाचा. त्याची कल्पना विल्यम टॉमसन, म्हणजे पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेले शास्त्रज्ञ, यांनीं १८५२ मध्येंच मांडली होती. घरांतील शीतकपाट आंतली उष्णता बाहेर टाकतें. हा पंप उलट बाहेरच्या गार हवेंतील उष्णता ओढून आंत आणतो. एक युनिट विजेंत दोन-तीन युनिटांची ऊब तो सहज देतो.

शेगडीचा खर्च मात्र लहान नसतो. तीन किलोवॅटची शेगडी पूर्ण जोरानें चालल्यास नागपूरपर्यंतच्या दीड तासांत साडेचार युनिटें खाते. त्या सुमारें ७५ किलोमीटरांना गाडी चालविण्यासाठींच दहा-बारा युनिटें लागतात. म्हणून काटकसरीची कळ चालू असतां, किंवा बॅटरी फार उतरली असतां, कित्येक गाड्या ऊब आपोआप कमी करतात. हा बिघाड नव्हे. तेव्हां आधीं ती कळ बंद करावी, तपमान पूर्ण वर न्यावें आणि पांच मिनिटें वाट पाहावी.

तरीहि ऊब येत नसेल, तर एकच प्रश्न विचारावा: उष्णता निर्माणच होत नाहीं, कीं निर्माण होऊन पोंचत नाहीं? याचें उत्तर उभ्या गाडीचें वीज-खर्चाचें मापकच बहुधा देतें. हीटर लावतांच खर्च दोन-तीन किलोवॅटांनीं वाढला, तर शेगडी जिवंत आहे. मग वाऱ्याचा जोर पाहावा. तो मंद असल्यास हवेची गाळणी तुंबलेली असण्याचा संभव अधिक. हिंगणघाट ही कापसाची जुनी पेठ. जिनिंगचा हंगाम ऐन थंडींतच येतो, आणि धूळ व तंतू यांनीं भरलेली गाळणी वारा अडविते. बहुतेक गाड्यांत ती डावीकडील सामानाच्या खणामागें असते. ती बदलणें अल्प खर्चाचें काम आहे. वारा जोरदार असून एका बाजूनें ऊन व दुसऱ्या बाजूनें गार येत असेल, तर वारा वळविणारी आंतील झडप अडकलेली असावी.

मापकांत खर्च वाढलाच नाहीं, तर दोष शेगडींत, तिच्या फ्यूजमध्यें किंवा तिला आज्ञा देणाऱ्या यंत्रणेंत शोधावा. द्रव तापविणाऱ्या गाडींत खर्च वाढूनहि वारा गार राहिला, तर द्रवाची पातळी उतरलेली किंवा नळ्यांत हवा कोंडलेली असते. उष्णता-पंपाच्या गाडींत उन्हाळ्यांतील गारवाहि कमी झालेला असेल, तर दाबयंत्राकडे किंवा वायूच्या गळतीकडे संशय जातो.

गाळणी, कळा आणि द्रवाची पातळी येथवर घरच्या माणसानें पाहावें, पुढें नाहीं. नारिंगी वेष्टणाच्या तारांतून शेंकडों व्होल्टांची वीज वाहते. त्यांना शिक्षित कारागिराशिवाय कोणींहि हात लावूं नये. मात्र वरील निदान हातीं असलें म्हणजे गाळणीच्या दोषासाठीं संपूर्ण हीटर बदलण्याचा भुर्दंड टळतो.

दुरुस्ती होईपर्यंत कांच स्वच्छ ठेवण्यास आंतलीच हवा फिरविण्याची कळ बंद करावी, वारा कांचेकडे वळवावा, आणि ऊब असेल तेवढ्या उबेबरोबर गारव्याचें यंत्रहि चालू ठेवावें. तें हवेंतील ओल शोषून घेतें. घरीं विजेला जोडलेली असतांनाच गाडी ऊन करून घेतल्यास बॅटरीचाहि भार हलका होतो. आणि ही सारी परीक्षा दिवाळीच्या सुमारास, धुकें पडण्यापूर्वीं, एकदां करून ठेवणें हेंच सर्वांत शहाणपणाचें.