झिजेची गोष्ट – ९ : पांढऱ्या गाडीची गेलेली चकाकी

गेल्या रविवारी आपण लोखंडाच्या गंजाचे रसायन पाहिले. गंज हा उघड शत्रू. तो दिसतो, पोपडे धरतो, पत्र्याला भोके पाडतो. फायबरला ना गंज लागत ना वाळवी, त्यामुळे ‘एकदा बसवले की बघायला नको’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. तरीही फायबर झिजते. ते कसे झिजते आणि झिजलेले कितपत सावरता येते, हे पाहायला आज ब्रिटनमधल्या कॅराव्हॅनकडे जाऊ.

कॅराव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. मोटारहोम म्हणजे स्वतःचे इंजिन असलेली तशीच खोली. ब्रिटनमध्ये ही हौस जुनी आहे. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टॉलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची कॅराव्हॅन बांधून घेतली, ती महोगनी आणि मेपल लाकडाची होती. आजच्या गाडीत बाहेरून लाकूड दिसत नाही. बऱ्याच कॅराव्हॅनच्या बाजूच्या भिंती रंगवलेल्या पातळ ॲल्युमिनियम पत्र्याच्या असतात, पुढचा-मागचा गोलाईदार भाग फायबरचा किंवा एबीएस प्लॅस्टिकचा असतो आणि खिडक्या ॲक्रिलिकच्या. मोटारहोमला याशिवाय पोलादी केबिन. एकाच गाडीवर इतके पृष्ठभाग असताना ‘सगळ्यावर एकच बाटली’ विकणाऱ्याकडे जरा संशयानेच पाहावे.

या गाड्या वर्षातले बरेच महिने घरापुढे किंवा भाड्याच्या आवारात उघड्यावर उभ्या असतात. ईस्टरच्या सुमारास मोसम सुरू होतो आणि मालक बादली घेऊन बाहेर येतो. छपरावर हिरवे शेवाळ, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून खाली उतरलेले काळे ओघळ, आणि पुढच्या पांढऱ्या भागावर एक निस्तेज करडी झाक. शेवाळ धुतल्याने जाते. ओघळही निघतात, ते छपरावरच्या धुळीचे आणि सांध्यांतल्या सीलंटमधून सुटलेल्या द्रव्यांचे असतात. निस्तेजपणा मात्र हटत नाही. गंमत अशी की पाणी अंगावर असेतो गाडी नव्यासारखी दिसते, आणि वाळली की पुन्हा जैसे थे.

त्या गमतीतच सगळे मर्म आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असला की प्रकाश एकाच दिशेने परततो आणि आपल्याला प्रतिबिंब दिसते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खड्डे-उंचवटे या मापाच्या आसपास किंवा त्याहून मोठे झाले की प्रकाश दाही दिशांना विखुरतो. पाणी ते खड्डे भरून वरची बाजू सपाट करते. शिवाय फायबरच्या वरच्या थरातल्या रेझिनचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. म्हणजे पाणी रेझिनला हवेपेक्षा जवळचे. विखुरणे कमी होते आणि चकाकी परतल्यासारखी वाटते. पाणी उडाले की खड्डे पुन्हा उघडे.

हे खड्डे येतात कुठून? फायबरचा भाग साच्यात उलटा घडतो. आरशासारख्या घासलेल्या साच्यावर आधी सुटे करणारे मेण, मग रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा थर, आणि त्यावर काचतंतू व साधे रेझिन. तो पहिला थर म्हणजे जेलकोट. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. साचा उघडला की जेलकोट बाहेरच्या बाजूला येतो आणि साच्याचा गुळगुळीतपणा जसाच्या तसा घेऊन येतो. म्हणजे कारखान्यातून निघालेल्या या भागावर चकाकी कोणी वरून लावलेली नसते. ती त्याच्या सपाटपणाची असते.

पुढचे काम अतिनील किरण करतात. ते रेझिनच्या लांब साखळ्या तोडतात. ऑक्सिजन आणि पाणी हातभार लावतात. पांढरा रंग देणारे टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः टिकाऊ असले तरी अतिनील किरणांत ते आपल्या भोवतीच्या रेझिनचे विघटन वाढवू शकते. म्हणून बाहेरच्या कामासाठी त्याचा ‘रुटाइल’ प्रकार, तोही कणांवर संरक्षक लेप देऊन, वापरतात. तरी वर्षानुवर्षांत वरचे रेझिन झडते आणि रंगाचे कण सुटे पडतात. गाडी कोरडी असताना काळ्या फडक्याने पुढचा भाग जरा जोराने पुसून पाहा. फडक्यावर पांढरी पूड आली तर रोगनिदान झाले. सुटलेल्या रंगकणांचा हा थर सच्छिद्र असतो, त्यात मळ रुततो आणि शेवाळाला आसरा मिळतो. एकदा निस्तेज झालेली गाडी लवकर घाण होते ती याचमुळे.

उपायांच्या दोन जाती आहेत : खड्डे भरणे आणि खड्डे जातील इतका वरचा थर काढणे. पहिली जात सोपी, म्हणून लोकप्रिय. तेलकट ‘रिस्टोअरर’ चोळला की तासाभरात गाडी झळकते, कारण त्याने पाण्याचेच काम जरा जास्त दिवस केलेले असते. फरशीला लावायचे ॲक्रिलिक पॉलिश गाडीवर फासण्याची युक्तीही चालते. पहिला मोसम झकास जातो. पुढे तो थर पिवळा पडतो, पापुद्रे सुटतात आणि ते काढताना नाकी नऊ येतात. खालची पूड तशीच असते.

दुसरी जात आपल्याकडे जुन्या मोझॅक फरशीला पॉलिश करताना पाहिलेली आहे. कारागीर मशीनला आधी भरड दगड लावतो, मग मध्यम, मग बारीक. पांढरट चिखल वाहून जातो आणि फरशी उजळते. प्रत्येक दगड आपल्या आधीच्या दगडाचे ओरखडे पुसून स्वतःचे बारीक ओरखडे मागे ठेवतो. शेवटचे ओरखडे डोळ्याला दिसेनासे झाले की त्यालाच आपण चकाकी म्हणतो. जेलकोटचे तंत्र हेच. फरक जाडीचा. फरशीवर घासायला मिलिमीटर शिल्लक असतात, इथे मायक्रॉन मोजावे लागतात.

म्हणून हात घालण्याआधी विचारायचे : समोर काय आहे आणि ते किती उरले आहे? जेलकोट नवा असताना पाचशे मायक्रॉनच्या आसपास. मोटारीसारख्या रंगवलेल्या पोलादी केबिनवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५०, आणि त्यातला वरचा पारदर्शक लॅकर जेमतेम ४०-५०. ओळखायची सोपी खूण अशी : रंगीत भागावर कंपाउंड (घासायची पेस्ट) चोळल्यावर फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर लॅकर नाही, लागला नाही तर आहे. गॅरेजमधले जाडी मोजायचे नेहमीचे मीटर धातूवरच चालते. फायबरवर ते मुके, तिथे अल्ट्रासॉनिक मीटर लागते. ते हाताशी नसेल तर सावधपणा हेच मोजमाप.

कामाचा क्रम असा. गाडी वरून खाली धुवायची. प्रेशर वॉशरचा झोत सांध्यांवर आणि खिडक्यांच्या रबरावर मारायचा नाही. कॅराव्हॅन चकाकीअभावी मरत नाही, भिंतीत शिरलेल्या ओलीने मरते. भांडी घासायचे लिक्विड एरवी मेण उतरवते म्हणून टाळतात. पॉलिशच्या आधी मात्र जुने मेण उतरायलाच हवे, तेव्हा ते चालते. मग सावलीत, पत्रा थंड असताना, चिकटपट्टी लावून फूटभर चौकोन आखायचा आणि सर्वांत बारीक पॉलिशने सुरुवात करायची. जमले तर तिथेच थांबायचे. नाही जमले तर भरड कंपाउंड, आणि त्यानेही भागले नाही तरच पाण्यासोबत वॉटर पेपर. २००० नंबरच्या पेपरचा कण साधारण १० मायक्रॉनचा, १००० नंबरचा १८ च्या आसपास. १००० ने सुरू केले तर १५०० आणि २००० या पायऱ्या टाळता येत नाहीत. एक पायरी गाळली तर तिचे ओरखडे उन्हात तिरप्या नजरेला दिसतातच.

मशीन असेल तर नवख्याने डोलत फिरणारे, म्हणजे ड्युअल ॲक्शन मशीन घ्यावे. सरळ गरगर फिरणारे रोटरी लवकर कापते, पण एका जागी रेंगाळले की पृष्ठभाग तापवून करपवते. कडा आणि उंचवटे यांवर थर सर्वांत पातळ असतो आणि दाबही तिथेच एकवटतो; तेवढ्या जागा चिकटपट्टीने झाकून शेवटी हाताने कराव्यात. ॲक्रिलिक खिडक्यांना हे कंपाउंड लावायचे नाही, आणि अल्कोहोल किंवा अमोनियाचे काचक्लीनर तर मुळीच नाही. त्याने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

एक फसगत इथेही होते. कंपाउंडमध्ये तेल असते आणि तेही खड्डे भरते. म्हणून चौकोन झळकला की आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने पुसून बघायचा. पुसल्यावरही चकाकी राहिली तर ती खरी. जुने स्टिकर काढलेल्या जागी त्याच नक्षीची गडद सावली राहते, कारण तेवढा भाग इतकी वर्षे उन्हापासून झाकलेला होता. ती सावली पूर्ण घालवायच्या हट्टापायी जेलकोट फाटेपर्यंत घासणारे असतात. सावली पुसट झाली की नवे स्टिकर लावावे, ते स्वस्त पडते.

अमेरिकेत वॉली बायम यांनी काढलेल्या एअरस्ट्रीम गाड्यांवर हा हिशेब आणखी कडक होतो. रिव्हेट मारलेल्या या चंदेरी गाड्यांपैकी जुन्या बऱ्याच ‘आल्क्लॅड’ पत्र्याच्या आहेत : मजबूत मिश्रधातूवर दोन्ही अंगांनी शुद्ध ॲल्युमिनियमचे पातळ आवरण. आरशासारखी झळाळी येते ती या आवरणाला, आणि गंजापासून बचावही तेच करते. मालक मोठ्या हौसेने या गाड्या घासतात. आवरण संपेपर्यंत घासले तर झळाळी आणि संरक्षण दोन्ही एकदमच जातात.

काही रोगांना पॉलिश हा इलाज नाही. लॅकरचे पापुद्रे सुटले असतील, जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतील किंवा घासता घासता काचतंतूंची वीण दिसू लागली असेल, तर मशीन बंद करावे. पुढे लांबी भरणे, नवा जेलकोट किंवा रंगकाम.

सगळे जमून आल्यावर मेण लावायचे, आणि त्याचे काम आता बदललेले असते. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून उन्हाने तापलेल्या पत्र्यावरही टिकते. कृत्रिम पॉलिमर आणि सिरॅमिक लेप त्याहून जास्त काळ तग धरतात. पण कोणताही लेप खालचा खडबडीतपणा बरा करत नाही. त्याने फक्त झीज स्वतःवर घ्यायची. जेलकोटऐवजी मेण झिजले तर ते पुन्हा लावता येते. म्हणून मोसमाच्या सुरुवातीला एकदा आणि थंडीआधी एकदा मेण, हा साधा नेम दर दोन-तीन वर्षांनी कंपाउंड घेऊन बसण्यापेक्षा शहाणपणाचा. गाडी झाकायची तर कापड हवा खेळू देणारे हवे आणि घट्ट बांधलेले. वाऱ्यात फडफडणारे आवरण आत धूळ धरून रात्रंदिवस पॉलिश पेपरचे काम करते.

कॅराव्हॅन आपल्याकडे थोड्या, पण कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या भरपूर आहेत आणि त्यांच्या अंगावर हाच जेलकोट असतो. ऊन तिथे ब्रिटनपेक्षा कितीतरी कडक, जोडीला खारे पाणी. काळ्या फडक्याची चाचणी तिथेही तितकीच चालते, आणि होडीवर हात फिरवणाऱ्यानेही पुढचा प्रश्न हाच विचारायचा : काढण्याजोगे किती उरले आहे?

पुढच्या रविवारी मोटारीच्या पिवळ्या पडलेल्या हेडलाइटकडे वळू. तिथे पॉलिकार्बोनेटवर कारखान्यातच अतिनीलरोधक लेप दिलेला असतो. पिवळेपणा घासून काढताना उरलासुरला लेपही निघून जातो, त्यामुळे टूथपेस्टने लखलखलेला हेडलाइट थोड्याच काळात पूर्वीपेक्षा वाईट दिसू लागतो. त्यावर काय करता येते, ते तेव्हा.