नियोजित कामांच्या पूर्ततेचे मापन : बांधकाम व्यवस्थापनातील एक निर्देशांक

बांधकाम प्रकल्पाची प्रगती सामान्यतः झालेला खर्च व पूर्ण झालेले परिमाण यांवरून मोजली जाते. आठवड्याच्या आरंभी दिलेला शब्द कितपत पाळला गेला, हे त्यातून कळत नाही. ही उणीव ओळखून ग्लेन बॅलार्ड व ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत ‘लास्ट प्लॅनर’ ही नियोजनपद्धती विकसित केली. बॅलार्ड यांचा त्यावरील प्रबंध २००० सालचा, बर्मिंगहॅम विद्यापीठाचा आहे.

आठवड्यासाठी स्वीकारलेल्या कामांपैकी पूर्ण झालेल्या कामांची टक्केवारी म्हणजे हा निर्देशांक होय. समजा, २० कामे ठरली व १३ झाली, तर तो ६५ टक्के येतो. स्लॅबचे सळईकाम नव्वद टक्के झाले असले तरी ते अपूर्णच धरले जाते. हे कठोर वाटते खरे. परंतु सळ्या पूर्ण बांधल्याखेरीज काँक्रीट ओतता येत नाही, आणि मागून येणाऱ्या तुकडीला ‘जवळजवळ झाले’ याचा काहीच उपयोग नसतो.

आकड्यापेक्षा अधिक मोलाची असतात ती राहिलेल्या ७ कामांची कारणे : नकाशा मिळाला नाही, साहित्य पोहोचले नाही, आधीचे काम अडले. म्हणूनच या बाबींची सिद्धता झाल्यावाचून कोणतेही काम आठवड्याच्या यादीत घेऊ नये, असा या पद्धतीचा आग्रह आहे.

मात्र हा निर्देशांक गती मोजत नाही. मुकादमाने मोजकी, सोपी कामे स्वीकारली तर शंभर टक्के पूर्तता दिसेल आणि प्रकल्प मागेच राहील. देयक वा दंड त्याला जोडल्यास हा मोह बळावतो. त्यामुळे मुख्य वेळापत्रकातील किती कामे यादीत आली, हेही सोबत तपासावे लागते.