युद्धप्रदेशातील अपंगांचे साहाय्य व पुनर्वसन

युद्ध, यादवी किंवा सशस्त्र उठाव यांनी ग्रस्त झालेल्या प्रदेशातील जखमी व अपंग व्यक्तींना वैद्यकीय उपचार, कृत्रिम अवयव, व्यवसायशिक्षण व संरक्षण मिळवून देण्याचे मानवतावादी कार्य. या कार्यात दोन प्रकारच्या व्यक्तींचा विचार करावा लागतो : गोळी, बाँब, भूसुरुंग इत्यादींमुळे अपंगत्व आलेल्या व्यक्ती आणि जन्मजात दोष, पोलिओ, अपघात वगैरे कारणांनी युद्धापूर्वीच अपंग असलेल्या व्यक्ती. यांपैकी दुसऱ्या गटाची उपेक्षा अधिक होते. बहिऱ्यास धोक्याचा भोंगा ऐकू येत नाही, अंधास अनोळखी वाट सापडत नाही व पांगळ्यास तळघरातील आश्रयस्थान गाठता येत नाही. पळापळीत कुबड्या व चाकांच्या खुर्च्या मागेच राहतात.

ऐतिहासिक आढावा : १८५९ च्या सॉल्फेरीनोच्या लढाईतील जखमींची दुरवस्था आंरी द्यूनां यांनी पाहिली व त्यातून रेडक्रॉस चळवळ उदयास आली. १८६४ चा पहिला जिनीव्हा करार जखमी सैनिकांपुरता मर्यादित होता. १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराने जखमी, आजारी व दुर्बल नागरिकांनाही विशेष संरक्षण दिले. १९७७ च्या पहिल्या पूरक संधिपत्रात ‘जखमी’ व ‘आजारी’ यांच्या व्याख्येत अपंगत्वामुळे वैद्यकीय मदतीची गरज असणाऱ्या नागरिकांचाही अंतर्भाव करण्यात आला.

भारतात पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी संस्था १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली व पुढे ती पुण्याजवळील खडकी येथे हलविण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, पुणे येथे सैन्यदलाचे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले.

उपचार व अवयवरोपण : भूसुरुंगाच्या स्फोटाने माती, कपड्याच्या चिंध्या व हाडांचे तुकडे स्नायूंत खोलवर घुसतात. म्हणून मृत ऊतक कापून काढल्यावर जखम लगेच शिवत नाहीत. ती काही दिवस उघडी ठेवून, जंतुसंसर्ग नसल्याची खात्री पटल्यावर बंद करतात. अवयवच्छेदन करावे लागल्यास उरलेला खुंट कृत्रिम पाय पेलू शकेल असा ठेवणे, हे शल्यचिकित्सकाचे कौशल्य होय. त्यानंतर सांधा आखडू नये म्हणून व्यायाम देतात व खुंटाची सूज उतरविण्यासाठी पट्टे बांधतात. प्लास्टरच्या साच्यावरून खोबण तयार करून पाय बसविला जातो व चालण्याचा सराव करून घेतला जातो.

पाय कोणत्या प्रकारचा असावा, हे रुग्णाच्या राहणीवर अवलंबून असते. मांडी घालून व उकिडवे बसणाऱ्या, अनवाणी शेतात वावरणाऱ्या माणसास पाश्चात्त्य धाटणीचा, बूट घालूनच वापरावयाचा पाय गैरसोयीचा ठरतो. ही अडचण ओळखून प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास ‘जयपूर पाय’ तयार केला. त्याचा उपयोग अफगाणिस्तानसारख्या युद्धग्रस्त देशांतही झाला आहे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने पॉलिप्रॉपिलीन या स्वस्त, हलक्या व पुन्हा वितळविता येण्याजोग्या प्लॅस्टिकचा वापर रूढ केला.

अफगाणिस्तानातील कार्य : सोव्हिएट सैन्य या देशात असताना (१९७९–८९) व त्यानंतरच्या यादवीत असंख्य भूसुरुंग पेरले गेले. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने १९८८ मध्ये काबूल येथे अस्थिव्यंगोपचार केंद्र उघडले. १९९० मध्ये तेथे आलेले इटालियन भौतिकोपचारतज्ञ आल्बेर्तो काइरो यांनी या कार्याचे दीर्घकाळ नेतृत्व केले. पुढे मझार-इ-शरीफ, हेरात, जलालाबाद इ. ठिकाणीही केंद्रे निघाली. प्रारंभी येथे केवळ युद्धातील जखमींना प्रवेश होता. परंतु पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलाला, त्याचे अपंगत्व युद्धजन्य नाही म्हणून, परत पाठविणे हे न्यायाला धरून नव्हते. १९९० नंतरच्या दशकात ही अट काढून टाकण्यात आली. लसीकरणाची व प्रसूतीची व्यवस्था कोलमडल्याने येणारे अपंगत्व हाही युद्धाचाच अप्रत्यक्ष परिणाम असतो, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

केंद्रांतील बहुसंख्य कर्मचारी स्वतः अपंग आहेत. पूर्वीचे रुग्णच प्रशिक्षण घेऊन तंत्रज्ञ, सुतार व शिवणकार झाले. स्त्री रुग्णांसाठी स्त्री कर्मचारी, कण्याला इजा झालेल्यांसाठी घरपोच शुश्रूषा व लहान धंद्यासाठी कर्ज अशा सोयीही करण्यात आल्या. आपल्यासारखाच माणूस कामावर आलेला पाहून नव्या रुग्णास मिळणारा धीर औषधाने मिळत नाही.

कायदेशीर तरतुदी : १९९७ च्या भूसुरुंगबंदी कराराने (अंमल १९९९ पासून) सुरुंगग्रस्तांची शुश्रूषा व पुनर्वसन यांसाठी साहाय्य देण्याचे बंधन, समर्थ सदस्य राष्ट्रांवर घातले. अफगाणिस्तान २००२ मध्ये त्यात सामील झाला; भारताने त्यावर सही केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील (२००६) अकराव्या अनुच्छेदानुसार सशस्त्र संघर्षातही अपंगांच्या सुरक्षिततेची जबाबदारी राष्ट्रांवर आहे. सुरक्षा परिषदेने २०१९ मध्ये या विषयावर २४७५ क्रमांकाचा ठराव केला.

मर्यादा : कृत्रिम पाय एकदा बसविला म्हणजे काम संपत नाही. वाढत्या वयाच्या मुलास तो सहा महिने ते वर्षभरात व प्रौढास सामान्यतः तीन ते पाच वर्षांनी बदलावा लागतो. दहाव्या वर्षी पाय गमावलेल्या मुलास आयुष्यभरात वीस-पंचवीस पाय लागू शकतात. देणग्यांचा ओघ मात्र लढाईच्या बातम्यांबरोबर येतो व त्यांच्याबरोबरच आटतो. त्यामुळे बाहेरून पाठविलेल्या तयार अवयवांपेक्षा स्थानिक कार्यशाळा, स्थानिक तंत्रज्ञ व सहज मिळणारी सामग्री यांवर उभारलेली व्यवस्थाच टिकाऊ ठरते. अशी व्यवस्था युद्ध संपल्यानंतरही अनेक दशके चालू ठेवावी लागते.