आधण, पत्ती आणि घड्याळ

दार्जिलिंगचा महागडा डबा कुणीतरी भेट देतं. आपण तो चहा आलं, साखर, दूध घालून खळखळ उकळतो आणि ‘कसले पैसे घेतात याचे?’ म्हणत डबा फडताळात मागे सारतो. दोष चहाचा नसतो आणि उकळण्याचाही नसतो. पत्ती ज्या रीतीने तयार झाली, त्यावरून ती कशी करायची हे ठरतं. तिच्या किमतीवरून किंवा डब्यावरच्या चित्रावरून नाही.

आपल्या रोजच्या चहा पावडरीचंच घ्या. 1930च्या सुमारास आसामातल्या आमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी सीटीसी यंत्र आणलं. दातेरी रुळांमधून जाताना पान चिरडतं, फाटतं आणि त्याच्या गोळ्या वळल्या जातात. पानाच्या पेशी फुटल्यामुळे आतला रस हवेशी चटकन भिडतो आणि गोळी गडद होते. अशी गोळी दोन मिनिटांत रंग सोडते, कडकही होते. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात, म्हणून एरवी सोसला नसता असा चहा दूध घालून उकळला की गोडीने पिता येतो. पुण्यातल्या अमृततुल्यात पितळी पातेल्यात कुटलेली वेलची, आलं, दूध, साखर आणि पावडर एकत्र उकळतात, त्यामागे हाच हिशेब आहे. दूध घालणं म्हणजे चहाची विटंबना, असं सांगणाऱ्या जाणकारांशी माझं म्हणूनच जमत नाही.

शिवाय काश्मीरचा नून चाय आहेच. हिरवी पत्ती, चिमूटभर सोडा, तासभर उकळणं, पळीने उंचावरून पुन्हा पुन्हा ओतणं, मग दूध आणि मीठ. रंग गुलाबी. ग्रीन टी उकळू नये हा नियम तिथे कुणी विचारत नाही.

आता त्या मागे सारलेल्या डब्याकडे येऊ. दार्जिलिंगला आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी 1841 मध्ये चहाचं बी लावलं. तिथे मुख्यतः चिनी जातीची बारीक पानांची झुडपं रुजली. हा चहा ऑर्थोडॉक्स पद्धतीने, म्हणजे पान न फाडता, सुकवून आणि वळून करतात. मार्च-एप्रिलची पहिली खुडणी, फर्स्ट फ्लश, फिकट आणि फुलांच्या वासाची. मे-जूनची दुसरी अधिक भरदार, तिला द्राक्षासारखा मस्कटेल गंध. तो येण्यात तुडतुड्यांचा आणि फुलकिड्यांचा मोठा हात असतो. विदर्भातला कापूस उत्पादक ज्यांच्यावर फवारणी करतो, त्याच कुळातले हे तुडतुडे. ते पानाचा रस शोषतात, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तोच गंध पुढे कपात उतरतो. तैवानचा ‘ओरिएंटल ब्यूटी’ ऊलाँगही अशाच तुडतुड्यांच्या उपकारावर उभा आहे. एवढ्या कष्टाने आलेला गंध आल्याखाली दाबायचा नसेल, तर आधण आलं की गॅस बंद करावा, पत्ती घालून झाकण ठेवावं, तीन मिनिटांनी गाळावं. साखर आधी नको.

चव जोखणाऱ्यांची पद्धत वेगळी. आयएसओ 3103 या मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम चहा आणि झाकून सहा मिनिटं. असा चहा पिण्यासाठी नसतो, त्यात वैगुण्यं उघडी पडावीत म्हणून तो मुद्दाम कडक करतात. मग मोठा भुरका! हवेबरोबर वास घशाच्या मागून नाकात चढतो. आजोबा बशीतून भुरका मारायचे तेव्हा आपण लाजायचो. टेस्टरला त्याचाच पगार मिळतो.

घरी हे करायचं तर तीन पांढरे कप, वजनकाटा आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. आसामचा ऑर्थोडॉक्स, दार्जिलिंग आणि निलगिरी शेजारी शेजारी ठेवा. आसाम तांबूस आणि माल्टच्या वळणाचा, निलगिरी मोकळा आणि वासाला स्वच्छ. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतला तर खासच. एकेकटा चहा पिऊन यातलं काही कळत नाही, तुलनेतच कळतं. तुरटपणा आणि कडूपणा वेगळे ओळखायला शिकावं: कच्च्या सुपारीसारखा हिरड्या आवळून धरतो तो तुरटपणा, आणि तो चांगल्या चहात थोडा हवाच.

ग्रीन टी कडू लागतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी पाणी ऐंशी अंशांवर येऊ द्यावं. फार गरम पाण्यात कडवट कॅटेचिन भराभर उतरतात. गोडसर थिअनिन मात्र कोमट पाण्यातही उतरतं. सुरुवात कांगड्याच्या हिरव्या चहाने करावी. 1905च्या भूकंपात तिथले मळे उद्ध्वस्त झाले, तरी तो चहा टिकला आहे. जपानचा सेंचा वाफेवर, चीनचा बहुतेक ग्रीन टी कढईत भाजून, युन्नानचा पु-अर आंबवून. हा पुढचा अभ्यास, आणि खर्चिक. गवती चहा मुळात चहाच नव्हे, पण पावसाळ्यात त्यावाचून चालतही नाही.

पाण्याकडे मात्र कुणी बघत नाही. बोअरच्या जड पाण्यात चहा काळपट होतो, वर चमकदार तवंग येतो आणि कपाच्या काठाला डाग धरतो. पाण्यातले कॅल्शियमचे क्षार आणि चहातली द्रव्यं मिळून तो तवंग होतो. लिंबाचे दोन थेंब टाकले की रंग उजळतो. पूर्ण क्षार काढलेल्या पाण्यात उलट चव सपाट होते. एकच चहा दोन पाण्यांत करून बघा; दोन मळ्यांमध्ये नसेल एवढा फरक त्यात सापडतो.

आणि खरेदी. दिवाळीच्या सुमारास दुकानात पारदर्शक बरण्यांतले फर्स्ट फ्लश सजलेले दिसतात. तोवर ते सहा महिन्यांचे झालेले असतात, वर दिव्यांच्या उजेडात ठेवलेले. उजेड, दमट हवा आणि शेजारचा मसाल्याचा डबा, तिघेही चहाचे वैरी. दार्जिलिंगच घ्यायचा असेल तर थोडं थांबून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या खुडणीचा, ऑटमनल म्हणतात तो, घ्यावा: तांबूस, गोलाईचा, बहुधा फर्स्ट फ्लशपेक्षा स्वस्त, आणि थेंबभर दूधही चालवून घेणारा.