उपचार बाळावर, धडे आजीला

दीड वर्षाचे मूल हाकेला वळून पाहत नाही, तरी 'बापही उशिराच बोलला' म्हणून घरचे थांबतात. मेंदूची घडण याच वयात सर्वाधिक वेगाने होत असते, त्यामुळे हे थांबणे महागात पडते.

तपासणीची सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके 2013 पासून अंगणवाडीतील बालके तपासतात. 2018 च्या योजनेनुसार आशा कार्यकर्ती तीन ते पंधरा महिन्यांच्या बाळाकडे पाच वेळा जाते. प्रश्न पुढचा आहे. उपचारकेंद्र जिल्हास्तरावर आणि रायगडचे मुख्यालय अलिबागला. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून खोपोली, पेण करत जायचे, तर एका दिवसाची मजुरी बुडते. दर आठवड्याला कोण जाणार?

म्हणून घरी येणाऱ्या थेरपिस्टचे महत्त्व. ती तासभरच थांबते; उरलेला आठवडा मूल आई-आजीजवळ असते. त्यामुळे तिचे खरे काम मोठ्यांना शिकवण्याचे. मांडीवर कसे बसवावे, घास देण्यापूर्वी क्षणभर थांबून मूल मागते का ते कसे पाहावे, हे ती करवून घेते. महागडी खेळणी लागत नाहीत. वाटी-चमचा पुरतो, आजीचे पदराआडून 'बुवा कुक' हाही उपचारच. मुलाच्या दोषाचे खापर बहुधा आईच्याच माथी फुटलेले असते. तिचे ऐकून घेणेही या कामातच मोडते.

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. भेटी तेथे खंडित होतात. तोवर आईच्या हाताला लागलेले वळण तेवढे भट्टीवर सोबत जाते.