वाईची शांतता



शहरांतला पाहुणा आमच्या वाईस आला म्हणजे कृष्णेच्या घाटावर पाय सोडून बसतो आणि म्हणतो, "गुरुजी, काय शांतता आहे हो येथें!" ही शांतता येते कोठून आणि तिची किंमत कोण देतो, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

पहिलें कारण भूगोलाचें. लोहमार्ग वाईस आलाच नाहीं; जवळचें स्टेशन वाठारचें. पुणें-सातारा राजरस्ता सुरूर फाट्यावरूनच पुढें निघून जातो आणि गांवाच्या पाठीशीं पसरणीचा घाट उभा. सुटीच्या दिवसांत पांचगणी-महाबळेश्वरकडे जाणाऱ्या मोटारींची रांग लागते हें खरें. पण त्या मंडळींना थांबावयाचें नसतें. थांबलींच तर ढोल्या गणपतीपुढें हात जोडतात. हें देऊळ रास्त्यांनीं १७६२ सालीं बांधलें. त्याची मागची भिंत नावेच्या टोंकासारखी निमुळती आहे. पुराचें पाणी तिच्यावर येऊन दुभंगतें. ही भिंत मात्र फारसें कोणी पाहत नाहीं.

दुसरें कारण येथील कामांचें. प्राज्ञपाठशाळा येथलीच. 'धर्मकोशा'चा पहिला भाग १९३७ सालीं निघाला, मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं. दोन्ही कामें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालीं. दशकेंच्या दशकें चालणाऱ्या अशा कामांस घाई मानवत नाहीं.

परंतु खरें कारण तिसरेंच. येथें प्रत्येक जण प्रत्येकास ओळखतो. सकाळीं माझें दार उघडलें नाहीं तर दूधवाला आळींतून हांक मारतो, "अहो गुरुजी, बरे आहां ना?" मुलाकडे पुण्यास एकदां महिनाभर राहिलों, शेजारच्या बिऱ्हाडाचें नांव मला शेवटपर्यंत कळलें नाहीं. मुलगा अजून बोलावतो. मी जात नाहीं.

मात्र हीच ओळख पहाराही देते. माझा एक जुना विद्यार्थी दहावींत नापास झाला. मोठ्या शहरांत ही गोष्ट घरांत राहिली असती. येथें घाटावर, वाण्याच्या दुकानांत, देवळाच्या पायरीवर जो तो आपुलकीनेंच विचारी, "काय रे, किती पडले?" विचारणाऱ्यांत मीही होतों. पंधरवड्यांत तो मुंबईस निघून गेला. त्याची आई मला रस्त्यांत पाहून पदर सांवरून पलीकडच्या बाजूस होई.

असे पुष्कळ गेले. कोणी नोकरीसाठीं गेले, कोणी या विचारपुशीला कंटाळून. आतां कित्येक वाड्यांत वृद्ध जोडपें आणि कुलूपबंद माडी एवढेंच उरलें आहे. याचा पडताळा कृष्णाबाईच्या उत्सवांत येतो. माघांत उत्सवास आरंभ होतो आणि देवीची पालखी सात घाटांवर पाळीपाळीनें मुक्काम करते. ज्या घाटाची पाळी, त्या आळीनें सारें पाहावयाचें: कीर्तन, आरास, शेंकडों पानें वाढणें. पूर्वीं वाढपी जास्त होत म्हणून भांडणें लागत; आतां दूरगांवीं गेलेल्या मुलांना महिनाभर आधीं निरोप धाडावे लागतात.

मागील खेपेस आमच्या आळीच्या प्रसादाला मी पंगतींत बसलों होतों. भाताची परात घेऊन एक गृहस्थ पुढें आला. केस पिकूं लागलेले, तरी मीं ओळखलें. तो वांकून म्हणाला, "गुरुजी, प्रकृति कशी आहे?"

मीं बरी आहे म्हणून सांगितलें. त्याला कांहीं विचारलें नाहीं. त्यानें पानावर भात वाढला आणि तो पुढच्या पानाकडे गेला.