दाढेचा स्प्रे आणि चॉकलेटी रक्त

आईच्या दाढेने नेमका मुहूर्त साधला तो पुण्याहून क्युपर्टिनोला येऊन तिला तीन आठवडे झाल्यावर. आईवडिलांसाठी आपण जो व्हिजिटर इन्शुरन्स काढतो त्यात दातांचं फारसं काही बसत नाही, हे इथल्या प्रत्येकाला कधी ना कधी कळतंच. डेंटिस्टची वेळ मिळाली चार दिवसांनंतरची. तोवर आईने लवंग दाढेखाली धरली आणि मी स्टीव्हन्स क्रीक बुलेव्हार्डवरच्या एका दुकानातून दात बधिर करणारा स्प्रे आणला. दुसऱ्या दिवशी लॅबमधून घरी आले, तर आजी तीच बाटली हातात घेऊन आमच्या सात महिन्यांच्या लेकीसमोर बसलेली. "अगं, दात येतायत हिचे, किती किरकिरतेय. जरासा मारू का हिरडीला?"

नशीब, आधी विचारलं.

बाटलीवर लिहिलं होतं, बेंझोकेन २० टक्के. वेदनेचा निरोप चेतातंतूवरून पुढे सरकतो तो सोडियमचे आयन पेशीत शिरल्यामुळे, आणि बधिर करणारी औषधं ती सोडियमची दारंच काही वेळ बंद करतात. १८८४ साली कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरलं, तिथून ही परंपरा सुरू झाली. लवंगेतलं युजेनॉलही असंच काहीसं करतं. (म्हणून लवंगेचं तेल बाळाला चालतं असं मात्र नाही. ते पोटात गेलं तर घातक ठरू शकतं.)

बेंझोकेनचा त्रास होतो तो रक्तात. हिमोग्लोबिनमधलं लोह ज्या रूपात ऑक्सिजन धरतं, त्यातला आणखी एक इलेक्ट्रॉन निघून गेला की त्याला ऑक्सिजन धरता येत नाही. अशा निकामी हिमोग्लोबिनला मेटहिमोग्लोबिन म्हणतात. थोडंफार ते आपल्या सगळ्यांच्याच रक्तात तयार होतं आणि एक एन्झाइम ते दुरुस्त करत राहतं. शरीरात बेंझोकेनचं विघटन होताना तयार होणारे पदार्थ हा बिघाड इतक्या वेगाने करू शकतात की दुरुस्ती मागे पडते. रक्त चॉकलेटी दिसू लागतं, ओठ आणि नखं निळसर-राखाडी होतात, धाप लागते, डोकं गरगरतं. हे काही मिनिटांत ते एक-दोन तासांत घडतं. पहिल्याच वापरानंतर घडू शकतं, किंवा आधी अनेकदा काहीच न होता अचानकही. तान्ह्या बाळांमध्ये ते एन्झाइम मुळातच कमी असतं. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने दोन वर्षांखालच्या मुलांसाठी बेंझोकेन वापरूच नये असं बजावलं. १९७१ पासून अशा चारशेहून अधिक घटनांची नोंद झाली होती. लाखो लोक वापरतात त्या मानाने हे विरळाच, पण दात येण्याच्या किरकिरीसाठी एवढी जोखीम कशाला घ्यायची?

कोविडपासून घरोघरी पडून असलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. तो लाल आणि अवरक्त प्रकाश किती शोषला जातो त्यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. मेटहिमोग्लोबिन दोन्ही जवळपास सारखेच शोषतं, त्यामुळे ते वाढलं की आकडा ८५ च्या आसपास घोटाळत राहतो, मग खरी स्थिती त्याहून कितीही वाईट असो. तेव्हा ओठ निळे दिसले तर आकडा बघत बसू नका, ९११ लावा आणि कुठला स्प्रे मारला ते सांगा. हॉस्पिटलात मिथिलीन ब्लू नावाचं निळं औषध शिरेतून देतात. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना मात्र ते चालत नाही. घरात कुणाला ती असेल तर तेही आधीच सांगा.

आता सुटकेसमधून येणारा दुसरा स्प्रे. भारतातल्या बाटलीवर 'लिग्नोकेन' असतं, इथल्या बाटलीवर 'लिडोकेन'. दोन्ही एकच! त्याने रक्ताचा हा बिघाड क्वचितच होतो, पण प्रमाण जास्त झालं तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. १० टक्क्यांच्या स्प्रेच्या एका दाबात साधारण १० मिलिग्रॅम औषध असतं. डेंटिस्ट देतात त्या २ टक्क्यांच्या इंजेक्शनच्या एका कार्ट्रिजमध्ये सुमारे ३५. म्हणजे खुर्चीत बसण्याआधी कळ सोसवेना म्हणून कुणी दहा दाब मारून आलं, तर निदान कागदावर तरी जवळजवळ तीन कार्ट्रिज आधीच झाली. डेंटिस्ट आपल्या वजनावरून हिशोब करतात, पण घरचे दाब त्यांना कसे कळणार? आपली माणसं हे सांगत नाहीत, 'ते काय औषध आहे का' म्हणून.

स्प्रे मारायचाच तर बाटलीवरचं प्रमाण पाळून, फक्त दुखऱ्या जागी. घशाकडे रोख नको. घसा बधिर झाला की घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. नंतर तासभर खाणं-पिणं बंद. चहासुद्धा, कारण जीभ भाजली तरी कळत नाही आणि गाल चावला गेला तरीही.

लेकीला शेवटी गार केलेलं रबरी कडं मिळालं, आणि आजीचं धुतलेलं बोट, हिरडीवर हलकेच फिरवायला. चार दिवसांनी डेंटिस्टकडच्या फॉर्मवर 'सध्या घेत असलेली औषधं' या रकान्यात आईने बीपीच्या गोळीचं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे बघून पुन्हा उचललं.